आधी पडायला शिकू द्या : जिम्नॅस्टिक्सला नव्याने येणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी

दर जूनमध्ये आमच्या हॉलच्या दारात हे दृश्य असतं. सात-आठ वर्षांची मुलगी आईला बिलगून उभी आणि वडिलांच्या हातात मोबाईल. मोबाईलमध्ये कुणीतरी मुलगी ओळीने तीन फ्लिक (हातांवरून मागे उलटं होऊन घेतलेल्या उड्या) मारून ताठ उभी राहते. "मॅडम, आमची पोरगी असं कधी करंल ओ?" वडील विचारतात. मी म्हणते, "आधी तिला पडायला शिकवू." त्यांचा चेहरा जरा उतरतो. पोरीला उडायला आणलंय आणि या बाई पडायचं बोलतात, असं वाटणं साहजिक आहे.

पण सोलापूरकराला हे समजावणं अवघड जात नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज (उंच, जड मानाच्या काठ्या) ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ते पेलणारे लोक यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करतात. सराव नसलेल्या पोराच्या हाती कुणी नंदीध्वज देत नाही, आणि दिला नाही म्हणून पोरगंही रुसत नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र आपल्याला घाई होते. कोणती उडी कधी घ्यायची हे मुलाच्या शरीराच्या तयारीवर ठरतं. आईवडिलांच्या हौसेवर ते ठरू नये आणि आम्हा शिकवणाऱ्यांच्या स्पर्धेच्या तारखेवर तर नाहीच. खाली लिहिलंय ते नव्या आईवडिलांसाठी आहे, आणि हॉलमध्ये सरांच्या हाताखाली नव्याने शिकवायला लागलेल्या ताई-दादांसाठीही.

हॉल बघायला जाल तेव्हा

मुलाला न घेता एकदा जा आणि तासभर नुसतं बसा. भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजू नका, जमीन बघा. दोन गाद्यांच्या मध्ये फट आहे का? तिच्यात पाऊल अडकून घोटा मुरगळतो. बीमच्या (तोल सांभाळत चालायची अरुंद, उंच पट्टी) आणि बारच्या (लोंबकळायचा आडवा दांडा) खाली गादी आहे का, आणि मुलं उतरतात त्या बाजूला जाड गादी आहे का? उघडा खांब किंवा खिडकीची कड उडीच्या वाटेत येते का? ट्रॅम्पोलिन असेल तर त्यावर एका वेळी एकच मूल हवं. दोघं एकत्र उड्या मारू लागले की हलकं पोरगं कुठल्या कुठे फेकलं जातं.

मग माणसं बघा. नवशिक्यांमध्ये एका शिकवणाऱ्याकडे आठ-दहा मुलं असतील तर त्याचं प्रत्येकाकडे लक्ष राहतं. पंचवीस असतील तर तो फक्त रांग सांभाळतो. एखादं मूल पडलं की सर सगळ्यांत आधी काय करतात? मुलाच्या चेहऱ्याकडे बघतात की "उठ, उठ, काही नाही झालं" म्हणतात? आणि एखादी मुलगी "नको, मला भीती वाटते" म्हणाली तर पुढे काय होतं? माझ्या मते या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी हॉल कळतो.

आणखी एक गोष्ट संकोच न करता विचारा. जिम्नॅस्टिक्समध्ये आधार द्यायला मुलाला हात लावावाच लागतो. चांगला शिकवणारा आधी सांगतो, "मी कमरेला आणि मांडीला धरणार आहे," मग धरतो, आणि हे सगळ्यांसमोर होतं. आईवडिलांना सराव बघायला मनाई असेल तर तिथे मूल ठेवू नका. मुलालाही घरी सांगून ठेवा की सरांनी किंवा ताईंनी "घरी सांगू नको" म्हटलेली कुठलीही गोष्ट घरी सांगायचीच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा खेळाच्या मैदानावरही लागू आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

प्रवेशाच्या वेळी मुलाचा सगळा इतिहास सांगा : दमा, फिट, आधीचं फ्रॅक्चर, चष्म्याचा मोठा नंबर. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना जिम्नॅस्टिक्स करता येतं, पण त्यांच्यापैकी काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून कोलांट्या सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्यावी.

पहिले तीन महिने : पडणं आणि उतरणं

जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक गोष्ट शेवटी जमिनीवर येऊन संपते. म्हणून मी सुरुवात जमिनीपासून करते.

उतरण्याची रीत अशी. पावलं कमरेएवढी लांब-लांब. आधी चवडा, लगेच टाच. गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेने. ते आत एकमेकांकडे कलले की गुडघ्याच्या आतल्या भागावर ताण येतो. कंबर जराशी मागे, हात समोर, नजर समोर. मग तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. हे आधी जागेवरच्या उडीत, मग साधारण २० सेंटीमीटरच्या पाटावरून, मग ४०, मग ६०. आधीच्या उंचीवरून दहापैकी नऊ वेळा मूल न डगमगता उतरलं की पुढची उंची. मी मुलांना डोळे मिटून दुसऱ्याची उडी ऐकायला लावते. धप्प आवाज आला की गुडघे ताठ होते, हे त्यांना आठवड्याभरात माझ्याइतकंच कळायला लागतं.

पडणं याहून महत्त्वाचं. मागे पडताना मूल सहज हात मागे टेकवतं, आणि मनगट किंवा कोपर तिथेच मोडतं. म्हणून हनुवटी छातीला, पाठ गोल, हात छातीजवळ आणि पाळण्यासारखं मागे-पुढे झुलायचं. हात टेकलाच तर बोटं टाचांच्या दिशेने आणि कोपर सैल. पुढे पडताना कोपरं वाकवून हळूहळू खाली यायचं. ताठ हातांवर आदळायचं नाही. हे रोज पाच मिनिटं, खेळासारखं. अचानक टाळी वाजवायची आणि सगळ्यांनी पडायचं. मुलांना हा खेळ इतका आवडतो की मोठी झालेली मुलंही वॉर्मअपमध्ये मागून घेतात.

पुढची कोलांटी याच काळात येते. तिच्यात एक चूक सगळीकडे दिसते : डोक्याचा मधला भाग गादीवर टेकवून उलटं होणं. त्यात सगळं वजन मानेवर येतं. वजन हातांवर हवं, हनुवटी छातीला चिकटलेली, डोक्याची मागची बाजू जेमतेम शिवून जायला हवी. उताराच्या गादीवरून सुरुवात केली तर मुलाला ढकलावं लागत नाही. मागची कोलांटी मी बरीच उशिरा घेते, आणि तीही उतारावरच, कारण हातांत जोर नसेल तर तिच्यात सगळा भार मानेवर पडतो.

जोर आधी, कसरत नंतर

पुढच्या सगळ्या कसरती थोड्याशाच आकारांतून बनतात. पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, हात-पाय थोडे उचलायचे. शरीर होडीसारखं होतं. पोटावर झोपून त्याच्या उलट, आपल्या शलभासनासारखं. गुडघे पोटाशी घेऊन गोळा, पाय सरळ ठेवून घडी, पाय फाकवून घडी. शाळेत सूर्यनमस्कार घातलेल्या मुलांना हे लवकर येतं, आणि ज्यांच्या घरात मल्लखांब आहे त्यांची पकड पाहून तर मला फार आनंद होतो.

घरी करायला मी दोनच गोष्टी देते. सोलापुरात प्रत्येक घरात जाड टॉवेल असतो. तो लांबट गुंडाळून फरशीवर ठेवला की झाला घरचा बीम; त्यावर अनवाणी, डोकं वर ठेवून चालायचं. दुसरी गोष्ट, होडी वीस सेकंद, तीनदा. बस. गादीऐवजी अंथरलेली चादर फरशीवर घसरते, म्हणून तिच्यावर उड्या किंवा कोलांट्या नकोत. पलंगावर तर मुळीच नको. गादीचा काठ आणि पलंगाची लाकडी कड यांत फार अंतर नसतं.

एक कसरत, सगळ्या पायऱ्या

हॅण्डस्टँडचं, म्हणजे हातांवर उलटं उभं राहण्याचं उदाहरण घेते, कारण बार, बीम, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी), फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) सगळीकडे तो लागतो, आणि घाईचा सगळ्यांत जास्त मार यालाच बसतो.

आधी मनगटं. प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला हात जमिनीवर टेकून पुढे-मागे, बाजूला झुलायचं, मुठी उघड-बंद करायच्या. मग दंडासारखी स्थिती : हात खांद्यांच्या रेषेत, बोटं पसरलेली, कोपरं सरळ, जमीन ढकलून खांदे वर. ३० सेकंद टिकलं की अस्वलासारखं चालायचं, मग गाढवासारख्या बारीक लाथा, पाय कमरेच्या वर न नेता. हे नीट झाल्यावर भिंत. भिंतीकडे पाठ करून हात टेकायचे आणि पाय भिंतीवर टाकत वर चढायचं, म्हणजे पोट भिंतीकडे येतं. पाठ भिंतीला लावून केलेल्या हॅण्डस्टँडमध्ये कंबर केळासारखी वाकते आणि ती सवय मोडायला वर्ष जातं. पहिल्या दिवशी पाय फक्त कमरेइतके वर न्यायचे. भिंतीच्या अगदी जवळ जायला महिना लागला तरी चालेल.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. वर जाण्याआधी खाली यायला शिकवायचं. तोल पुढे गेला तर एक हात उचलून अंग पाव वळवायचं आणि एकेक पाय बाजूला खाली आणायचा. हे मूल न विचार करता करू लागलं की त्याची अर्धी भीती जाते. त्यानंतरच हॉलच्या मध्यभागी, आधार घेऊन पाय वर मारायचा.

आधार देणाऱ्या ताई-दादांनो, तुम्ही मुलाच्या समोर उभे राहू नका. पाय सरळ नाकावर बसतो. बाजूला, जवळ उभे राहा, हात मांड्यांवर ठेवा. पावलं किंवा घोटे धरून वर खेचू नका. तुमचा हात काढल्यावर जे उरतं तेवढंच त्या मुलाला येतं, हे रोज एकदा हात हलका करून तपासा. आणि तुमच्यापेक्षा जड झालेल्या मुलाला एकट्याने आधार देण्याची जोखीम घेऊ नका, दोघं उभे राहा.

बीमचंही असंच. स्पर्धेचा बीम ५ मीटर लांब, जेमतेम १० सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच असतो. नवीन कसरत आधी फरशीवर खडूने ओढलेल्या रेषेवर, मग जमिनीवर ठेवलेल्या बीमवर, मग गाद्या रचून उंची कमी केलेल्या बीमवर. फरशीवर जे दहापैकी पाचदा चुकतं, ते उंचीवर सुधारत नाही.

ताणण्याबद्दल

इथे मला स्वतःचं सांगायचंय. लहानपणी एका शिबिरात स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकणं) पूर्ण खाली जावी म्हणून माझ्या पाठीवर मोठ्या मुलीला बसवलं होतं. मांडीच्या मागे, बसायच्या हाडापाशी काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी रडले तर "रडल्याशिवाय स्प्लिट येत नाही" असं सांगण्यात आलं. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं शाळेच्या बाकावर बसताना मला ती जागा दुखायची. आज माझ्या हॉलमध्ये कुणी कुणाच्या अंगावर बसत नाही.

ताण अंग गरम झाल्यावर, सरावाच्या शेवटी. मूल स्वतः जितकं जाईल तितकंच, ३० सेकंद, श्वास सोडत. पोटरीत, मांडीच्या मधल्या भागात ओढ जाणवली तर ठीक. सांध्यात किंवा हाडाजवळ टोचलं, चेहरा आक्रसला, श्वास अडला, की थांबायचं. काही मुलं उपजतच फार लवचिक असतात आणि त्यांचं सगळे कौतुक करतात. खरं तर त्यांना ताणापेक्षा जोर वाढवण्याची गरज जास्त असते, कारण त्यांचे सांधे सैल असतात आणि त्यांना धरून ठेवायला स्नायू लागतात.

उंची वाढते तेव्हा

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करा. तीन महिन्यांत २ सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर सरांना सांगा. मुलींमध्ये हा काळ साधारण अकरा-बारा, मुलांमध्ये तेरा-चौदाच्या आसपास येतो, कधी अलीकडे-पलीकडे. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात. परवापर्यंत जमणारी कसरत अचानक बिघडते, अंग आखडतं. आईवडिलांना वाटतं पोरगी आळशी झाली. ती आळशी झालेली नसते, तिचे हात-पाय कालच्यापेक्षा लांब झालेले असतात. या काळात उड्या आणि हातांवरचा भार कमी करावा, जुन्या सोप्या गोष्टी पुन्हा घ्याव्यात.

हाडांच्या टोकाशी वाढीची मऊ जागा असते आणि ती याच वयात सगळ्यांत नाजूक असते. म्हणून कुठे दुखतंय हे नेमकं विचारा. हात टेकताना मनगट अंगठ्याच्या बाजूला दुखत असेल तर हातांवरच्या कसरती बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसती पट्टी बांधून सराव सुरू ठेवू नका. मागे वाकताना कमरेत, खास करून एकाच बाजूला दुखत असेल तर ब्रिज (मागे वाकून हातापायांवर केलेली कमान) आणि वॉकओव्हर (त्या कमानीतून एकेक पाय टाकत उलटं होणं) त्याच दिवशी थांबवा. वारंवार मागे वाकल्याने मणक्याच्या मागच्या भागात बारीक तडा जाऊ शकतो, आणि वेळेत विश्रांती दिली तर तो बहुतेकदा भरून येतो. टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखणं बरंच आढळतं, तिथे उड्या कमी करून विश्रांती लागते.

आठवड्याला सराव किती? वयाची जेवढी वर्षं, साधारण त्याहून जास्त तास नकोत, हा हिशेब मी पाळते. आठ वर्षांच्या मुलाला आठ तास म्हणजे पुष्कळ. नवशिक्याला तीन-चार पुरे. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. यात्रेला, लग्नसराईला चार-आठ दिवस खंड पडला तर परत आल्यावर पहिले दोन दिवस उतरण्यापासून सुरुवात, मग मूल कितीही पुढे गेलेलं असो.

आपलं ऊन, आपलं जेवण

एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी पार करतं आणि आमच्यासारखे बरेच हॉल पत्र्याचे असतात. त्या दिवसांत सराव सकाळी लवकर. घामाने तळवे निसटतात, म्हणून बारवर जाण्याआधी हात पुसून मॅग्नेशियमची पावडर. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला की सावलीत न्यायचं, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि त्या दिवशी सराव संपला.

खाण्याबद्दल मला काळजी वाटते ती वेगळीच. कुणीतरी मुलीला "जाड झालीस, उडी कशी येणार" म्हणतं आणि ती डबा उरवायला लागते. मुलांचं वजन सगळ्यांसमोर करू नये, त्यावर बोलू नये. भाकरी, शेंगाची चटणी, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं : वाढत्या अंगाला हे सगळं लागतं. सरावाच्या दीड-दोन तास आधी पोटभर, लगेच आधी एखादं केळं. मुलीची पाळी सुरू होऊन पुढे काही महिने थांबली, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

भीती

भीती वाटणाऱ्या मुलाला "घाबरट" म्हणू नका. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्ससारख्या खेळाडूला हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान राहीनासं झालं, आणि ती सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. जगातल्या सर्वोत्तम मुलीला थांबायची मुभा हवी असेल, तर दुसरीतल्या पोरीला का नको? मूल अडलं की एक पायरी खाली उतरा. जिथे ते हसत करतं तिथे दोन-तीन सराव राहा, मग एक जाड गादी जास्त घालून वर चढा. चॉकलेटचं आमिष आणि दुसऱ्या मुलीशी तुलना, दोन्ही टाळा.

आणि वेळ किती लागतो हे बघायचं असेल तर दीपा कर्माकरकडे बघा. आगरतळ्याची ही मुलगी साधारण सहाव्या वर्षी खेळायला लागली. तिची पावलं सपाट होती, जे या खेळात मोठी अडचण मानतात. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती चौथी आली तेव्हा ती २३ वर्षांची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर १९९२ पासून आठ ऑलिंपिक खेळली, शेवटचं ४६ व्या वर्षी. महिलांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी १९९७ पासून वयाची किमान अट १६ वर्षांची आहे. तुमची मुलगी आठ वर्षांची असेल तर तिच्याकडे आठ वर्षं आहेत.

लागलंच तर

मुरगळलं तर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, चोळणं-मळणं बंद. सांधा वेडावाकडा दिसत असेल तर ओढून बसवू नका, आहे तसा आधार देऊन दवाखाना गाठा. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली, झोपाळलं, तर लगेच दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा सराव नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढेही नाही. मानेवर पडून मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर उचलू नका, हलवू नका, मान तशीच ठेवून १०८ ला फोन करा. तळव्याची साल निघाली तर स्वच्छ धुऊन झाकायची, भरेपर्यंत बार बंद.

पहिल्या दिवशी

केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली. बांगड्या, पैंजण, कानातले, गळ्यातला आणि हातातला दोरा घरी. चेन किंवा बटणं नसलेले, अंगाला बसणारे कपडे. पाय अनवाणी, मोज्यांवर गादीवर घसरायला होतं. पाण्याची बाटली, नाव लिहिलेली.

संध्याकाळी ती घरी आली की "आज काय काय शिकलीस" असं विचारू नका. "आज पडायचं कसं शिकवलं, दाखव बघू," म्हणा. त्याआधी टीपॉय बाजूला सरकवा आणि तिच्या मागे रिकामी जागा आहे ना, तेवढं बघा.